निसर्ग वादळ आणि श्रीवर्धनकडचं एक कौलारू घर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

घर श्रीवर्धन तालुक्यातलं. गावाचं आणि माणसांचं नाव सांगत नाही, बाकी जे झालं ते घरच्यांना विचारूनच लिहितोय. मी छपरांची आणि घरदुरुस्तीची कामं घेतो. जुलै २०२० मधे या घराचं छप्पर मी परत बांधलं, तीन आठवडे तिथेच मुक्काम होता आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर वादळाच्या त्या दोन दिवसांची उजळणी व्हायची, कोण कुठे उभं होतं, कोण काय म्हणालं, इथपर्यंत. त्यामुळे ३ जूनला मी तिथे नव्हतो तरी तो दिवस मला बऱ्यापैकी पाठ झालाय.

घर जुनं, जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. तोंड पश्चिमेला म्हणजे समुद्राकडे, समुद्र साधारण चारशे मीटर, मधे वाडी, वाडीत माड आणि पोफळी. तिकडची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, या घराचं अर्धं उत्पन्न त्याच्यावर. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे पूर्वेला पडवी आणि तिच्या पलीकडे डोंगर चढतो. मागच्या अंगणात २००८ साली बांधलेली एक स्लॅबची खोली, दहा बाय बारा, संडास बाथरूम जोडून. आणि पुढच्या बाजूला गाडी लावायला म्हणून नंतर टाकलेली पत्र्याची शेड, वीस फूट बाय बारा फूट, ही शेड पुढे बरीच महत्वाची ठरणार आहे म्हणून माप लक्षात ठेवा.

घरात काका (निवृत्त शिक्षक, सत्तरीचे), काकू, आणि काकांची आई, वय नव्वदच्या आसपास, स्वतःहून उठता येत नाही. २७ मे ला डोंबिवलीहून मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात ई-पास काढून आलेले. ते कोरोनाचे दिवस आठवत असतील, मुंबईहून कोण आलं की अख्ख्या आळीचं लक्ष, चौदा दिवस वेगळं राहायचं. तर हे तिघं मागच्या स्लॅबच्या खोलीत आणि म्हातारी मंडळी पुढच्या घरात, जेवणाचं ताट पडवीच्या पायरीवर ठेवायचं आणि मागे सरकायचं, असं चाललेलं.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं अर्धवट होती. दरवर्षी मे मधे घर शाकारून घ्यायचं, कौलं परतायची, फुटलेली बदलायची. २०२० ला लॉकडाऊनमुळे माणसंच मिळेनात, एक जण दोन दिवस आला, त्याने समुद्राकडची बाजू करून दिली आणि गेला. पूर्वेची बाजू तशीच राहिली. काकांना त्याचं काही विशेष वाटलं नाही कारण झड येते ती पश्चिमेकडनं, आयुष्यभर तसंच बघितलेलं.

अडचण नेमकी काय होती

१ जूनला टीव्हीवर कमी दाबाच्या पट्ट्याची बातमी, बोटी परत बोलावल्या. २ तारखेला दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं आणि बांगलादेशने सुचवलेलं निसर्ग हे नाव त्याला लागलं. हवामान खात्याचा अंदाज होता हरिहरेश्वर ते दमण यांच्यामधे, अलिबागच्या जवळ किनाऱ्याला लागेल. हरिहरेश्वर म्हणजे यांचाच तालुका. पण टीव्ही लावला की मुंबई, मुंबई आणि मुंबई, त्यामुळे घरात असंच वातावरण होतं की मुख्य मार तिकडे, आपल्याकडे पाऊस पडेल जोराचा.

शिवाय आधीचा अनुभव. २००९ च्या नोव्हेंबरचं फयान काकांच्या चांगलं लक्षात होतं, त्यात घराचं फार काही गेलं नव्हतं. २०१९ मधे तर तीन वादळांची नावं ऐकली, जूनमधे वायू, मग क्यार, मग महा, आणि तिन्ही समुद्रातनं परस्पर कुठेतरी गेली. क्यारच्या पावसाने भाताचं वाटोळं केलं पण वारा असा नाही. तेव्हा "हे पण जाईल गुजरातला" हे वाक्य २ तारखेला दुपारपर्यंत घरात निदान दहा वेळा बोललं गेलं असेल. मी काकांना त्यात दोष देत नाही, चार वेळा लांडगा आला नाही तर पाचव्यांदा कोण काठी घेऊन बसेल.

२ तारखेला दुपारी पोलीस पाटील आणि तलाठी आळीत फिरून गेले, स्पीकरवर पुकारलं, समुद्राला उधाण येणार, कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावं. ५ जूनला वटपौर्णिमा, म्हणजे भरती तशीच मोठी, त्यावर वादळाने एक ते दोन मीटर जास्त पाणी चढेल असा इशारा. आणि इथे, माझ्या मते, पहिली गडबड झाली. घरच्यांनी ऐकलं ते "पाणी". वारा पण येणार हे ऐकलं नाही असं नाही, पण डोक्यात बसलं पाणी. वास्तविक घराचं जोतं चांगलं उंच, २६ जुलै २००५ ला सुद्धा अंगणाच्या वर पाणी आलं नव्हतं. म्हणजे ज्याची भीती कमी बाळगायला हवी होती त्याचीच तयारी सगळ्यात जास्त झाली.

समोर कोणते पर्याय होते

राहायचं कुठे, हा मुख्य प्रश्न. तीन मार्ग होते.

शाळा. दीड किलोमीटर. पण शाळेच्या दोन वर्गांत मुंबईहून आलेली माणसं विलगीकरणात होती आणि उरलेल्या वर्गांना पत्र्याचं छप्पर. नव्वदीच्या आजीला तिथे न्यायचं, तेही जमिनीवर झोपवायचं, संडास बाहेर. काकूंनी एका वाक्यात नाही म्हणून टाकलं. मी जाऊन बघितली ती शाळा नंतर, एका वर्गाचे पत्रे गेलेले होते, तेव्हा काकूंचं नाही हे बरोबरच निघालं, कारण मात्र वेगळं होतं.

वरच्या आळीत काकांच्या चुलतभावाचं नवीन स्लॅबचं घर. मोठं, पक्कं, दहा मिनिटांवर. फोन केला असता तर ते नाही म्हणाले नसते. पण मुंबईकर मुलगा घरी आलेला असताना आपण दुसऱ्याच्या घरात कसं जायचं, ते तोंडावर काही बोलणार नाहीत पण मनात येईलच, म्हणून फोनच केला नाही. २०२० च्या उन्हाळ्यात अशा न केलेल्या फोनांनी किती घरांत काय काय झालं असेल कोण जाणे.

तिसरा मार्ग मागची स्लॅबची खोली. घरातली सगळ्यात मजबूत जागा तीच, हे पाचही मोठ्या माणसांना माहीत होतं, आणि त्या खोलीत मुलगा विलगीकरणात. सहावा दिवस चाललेला. एकशे वीस चौरस फुटात सहा माणसं, त्यात एक नव्वदीची. मुलगाच म्हणत होता की मी येऊ देणार नाही, आजीला काही झालं तर जन्मभर मला लागून राहील. सून म्हणत होती आपण तिघं पुढच्या घरात जाऊ आणि हे इकडे येऊ दे. काका म्हणत होते लहान पोरीला कौलांखाली कशाला. तिघांचंही बरोबर. शेवटी ठरलं काय, तर "सकाळी बघू".

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा निर्णय हाच. शेड, कौलं, माडाच्या झावळ्या हे सगळं पैशाने भरून आलं, पण माणसं कुठे बसणार हे रात्री न ठरवता झोपणं म्हणजे तो निर्णय वाऱ्यात, घाईत, ओरडाओरडीत घ्यायचा हे ठरवणंच झालं. २ तारखेला संध्याकाळी फोन चालू होते, गावच्या आशा ताईंना (आरोग्यसेविकेला) विचारता आलं असतं. विचारलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला, फोनला एक काडी रेंज असताना.

२ जूनला काय काय केलं

दुपारी तीन ते रात्री नऊ, साधारण सहा तास हातात होते. ते कसे गेले ते सांगतो.

पहिला दीड तास काका बाजारात, दूध, मेणबत्त्या, बिस्किटं, सेल. दुकानात ताडपत्री होती, किंमत विचारली, महाग वाटली, आणली नाही. (ही ताडपत्री नंतर परत येणार आहे.)

मग धान्य. वर्षाचे तांदूळ, डाळी, सुकी मासळी, कोकमं, पापड, मसाला, म्हणजे आगोटीचं सगळं सामान, जे आधी स्वयंपाकघरात आणि माजघरात जमिनीवर डब्यांत ड्रमात होतं, ते उचलून माळ्यावर चढवलं. पाणी शिरलं तर भिजू नये म्हणून. काका, काकू आणि शेजारचा एक मुलगा, दोन तास तेच करत होते. स्लॅबच्या खोलीत गेलं काय, तर टीव्ही आणि इन्व्हर्टर.

शेडच्या पत्र्यांवर वाळूच्या पिशव्या. दहा पिशव्या, प्रत्येकी तीसेक किलो. हे कोकणात सगळेच करतात, मीही पूर्वी करायचो. आता एक हिशोब मांडतो, ढोबळ आहे पण उपयोगी आहे. वाऱ्याचा दाब काढायचा तर आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातलं साधं सूत्र आहे, वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी ११० म्हणजे साडेतीस मीटर प्रति सेकंद, दाब येतो ५६० च्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला ५७ किलो. शेड वीस बाय बारा, म्हणजे बावीस चौरस मीटर. चारी बाजूंनी उघड्या शेडला वारा खालून घुसून वर उचलतो आणि वरनं ओढतो तो वेगळाच, आपण तो सोडून देऊ, नुसतं ५७ धरलं तरी पत्रे वर उचलायला साडेबाराशे किलोचा जोर. त्याच्यावर तीनशे किलो वाळू आणि शे-सव्वाशे किलोचे पत्रे. म्हणजे वाळू ठेवून काय झालं, तर पत्र्यांबरोबर दहा पिशव्या पण उडायला तयार. नेहमीच्या पावसाळ्यात ताशी पन्नास-पंचावन्नच्या वाऱ्यात त्या पुरतात म्हणून आपला विश्वास बसलेला असतो, पण वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, दुप्पट नाही. हे एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

समुद्राकडच्या खिडक्या बाहेरनं फळ्या मारून बंद केल्या, ओटीला झावळ्यांचे झाप बांधले, सगळं नीट, घट्ट, शिक्षकी पद्धतीने. मागच्या बाजूला काहीच नाही.

मागे गोठ्यावर झुकलेला एक रायवळ आंबा आहे, जुना. त्याची एक फांदी तोडू म्हणून मुलगा कोयता घेऊन गेला, अंधार पडला, अर्धवट तोडून लोंबकळत ठेवून आला. झाडाचं काम आदल्या संध्याकाळी करू नये. एकतर पूर्ण होत नाही आणि झालं तरी तोडलेल्या फांद्या अंगणात पडून राहतात, त्या उद्या कोणाच्या तरी खिडकीत जातात.

काही गोष्टी चांगल्या झाल्या त्याही सांगायला हव्यात. वरची टाकी काठोकाठ भरली. (रिकामी टाकी फुग्यासारखी जाते, भरलेली पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, ती जागची हलली नाही.) घरातले सगळे हंडे, कळशा, बादल्या भरल्या. सातबारा, आधार, पासबुकं, पेन्शनचे कागद काकूंनी स्टीलच्या डब्यात घालून डबा दोन प्लास्टिक पिशव्यांत गुंडाळला. आणि सुनेने, कसलाही विचार न करता, आईला दाखवायला म्हणून संध्याकाळी घराचा, वाडीचा, शेडचा आठ मिनिटांचा व्हिडिओ काढला. हा व्हिडिओ पुढे पंचनाम्यात सोन्यासारखा कामाला आला.

३ जून

पहाटे त्याचं तीव्र चक्रीवादळ झालेलं होतं, पण गावात सकाळी सातला नुसती भुरभुर. काकूंनी भाकऱ्या आणि लसणीची चटणी करून ठेवली. साडेआठला आशा ताईंना फोन लागला, त्या म्हणाल्या मास्क लावा, आजींना खिडकीजवळ ठेवा, पण एकत्र पक्क्या खोलीत बसा. त्यानंतरही हो-नाही चालूच. नऊच्या सुमारास लाईट गेली.

दहाला वारा सुटला, आणि सुटला तो डोंगराकडनं. काका ओटीवर समुद्राकडे तोंड करून बसलेले, त्यांना पाठीमागनं आवाज यायला लागला. याला कारण साधं आहे. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. ते नैऋत्येकडनं तुमच्याकडे येत असेल आणि तुम्ही त्याच्या पुढच्या उजव्या अंगाला असाल तर तिथे वारा लागतो आग्नेयेकडनं, पूर्वेकडनं. ते जसं पुढे सरकतं तसा वारा फिरत दक्षिणेला, मग पश्चिमेला जातो. म्हणजे पहिला तडाखा जमिनीकडनं आणि शेवटचा समुद्राकडनं. आगोटीची सगळी रीत पश्चिमेच्या पावसासाठी घडलेली आहे, तिच्यात हे बसतच नाही, आणि या घरात तर योगायोगाने नेमकी पूर्वेची बाजू शाकारायची राहिलेली.

साडेदहाला मुलगा तोंडाला रुमाल बांधून पुढच्या घरात आला आणि म्हणाला आता वाद नको. आजीला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, दोन बाजूंनी काका आणि मुलगा, वर गोधडी, आणि मागच्या अंगणातनं वीस पावलं खोलीत. त्या वीस पावलांना पाच मिनिटं लागली. काकूंनी जाता जाता गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि गाय वासराची दावी सोडली. दावी सोडायची की नाही यावर आधी वाद झाला होता, काकांचं म्हणणं बिथरून पळतील. पळाली नाहीत, विहिरीच्या कठड्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिली दोघं. गोठा साडेअकराच्या दरम्यान आंब्याच्या त्याच लोंबत्या फांदीसकट आडवा झाला.

आता दुसरा निर्णय, जो मी दुरुस्तीच्या वेळी काकांकडून तीनदा वदवून घेतला कारण मला विश्वास बसेना. आजीला ठेवून काका परत पुढच्या घरात गेले आणि मागचं दार, म्हणजे पूर्वेचं, आणि पुढचं दार, दोन्ही उघडून ठेवून आले. "वारा आरपार निघून जाईल, कोंडला तर घर फोडेल." हा समज खूप जुना आहे आणि खूप जणांचा आहे. होतं नेमकं उलट. वाऱ्याच्या तोंडावरचं दार उघडलं की वारा आत शिरून छपराला खालनं ढकलतो, वरनं ओढ चालूच असते, दोन्ही मिळून कौलं सुटतात. कौलाला रिपेला (खालच्या लाकडी पट्टीला) धरून ठेवायला एक छोटं नाक असतं, बाकी सगळं त्याच्या वजनावर, आणि छपराचं वजन चौरस मीटरला चाळीसेक किलो. वरचा आकडा आठवा, सत्तावन्न. कडेला आणि आढ्याजवळ ओढ त्याहून जास्त. पाच मिनिटांत मागच्या पडवीचं छप्पर गेलं, मग आढ्याची कौलं, मग पूर्वेचा उतार उलगडत गेला. खोलीच्या खिडकीतनं नात हे सगळं बघत होती आणि मोजत होती म्हणे, शंभराच्या पुढे तिला येत नव्हतं.

शेड दक्षिणेचा वारा सुरू झाल्यावर गेली. चौदा पत्रे, त्यातले नऊ शेजारच्या वाडीत सापडले, एक पोफळीच्या बुंध्याला गुंडाळलेला. वाळूच्या पिशव्या कुठे गेल्या ते कोणी शोधलं नाही.

मधे थोडा वेळ जोर उतरला. काका बाहेर पडले, दार लावायला, आणि अंगणात फुटक्या कौलावर पाय कापून घेतला, चार टाके. पाठोपाठ पश्चिमेचा वारा आला. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वादळाने अलिबागच्या दक्षिणेला साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनारा ओलांडला, वेग ताशी १०० ते ११०, मधे मधे १२०. साडेतीनला सगळे बाहेर आले.

आजीच्या खाटेवर कौलांचा ढीग आणि एक मोडलेला वासा होता.

शेवटी काय हाती राहिलं

माणसं सहाच्या सहा धड, काकांचा पाय सोडला तर. कोणाला ताप नाही, खोकला नाही, आजी त्यानंतर दीड वर्ष होत्या. समुद्राचं पाणी वाडीच्या खालच्या कुंपणापर्यंत आलं, घरापर्यंत नाही.

माळा उघडा पडला आणि त्यावर चढवलेलं सगळं धान्य, मासळी, पापड पावसात भिजलं. दोन तास खपून वर नेलेलं. काकू या गोष्टीवर अजून चिडतात, छपरावर नाही.

वाडीतल्या पोफळी साठेक टक्के मोडल्या, मधूनच, पेन्सिलीसारख्या. माड बरेच वाचले. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात त्यामुळे हा खड्डा पत्र्यांच्या खर्चापेक्षा फार मोठा आहे, सरकारी मदत हेक्टरी पन्नास हजार केली गेली पण यांची वाडी गुंठ्यांत, हेक्टरात नाही.

लाईट सव्वीस दिवस नव्हती. विहिरीत झावळ्या आणि पोफळीचे शेंडे पडलेले, पंप बंद, रहाट काढून टाकून वीस वर्षं झालेली. भरून ठेवलेलं पाणी पाच दिवस पुरलं, मग शेजाऱ्यांकडनं दोर आणि पोहरा. मोबाईल टॉवर पडलेले, पुण्याच्या मुलीला आईवडील जिवंत आहेत हे चौथ्या दिवशी कळलं, कोणीतरी मोटरसायकलने माणगावपर्यंत जाऊन केलेल्या फोनवरनं.

आणि ताडपत्री. ११ जूनला पाऊस अधिकृतपणे राज्यात दाखल झाला. म्हणजे छप्पर झाकायला आठ दिवस, आणि अख्ख्या तालुक्याला एकाच वेळी ताडपत्री, पत्रे आणि माणसं हवी होती. २ तारखेला जी महाग वाटली तिच्या दुप्पट पैसे देऊन, तीही माणगावहून, नवव्या दिवशी मिळाली. तोपर्यंत जांभ्याच्या भिंतीत पाणी उतरलं, माजघराचा गिलावा गेला. माझ्या बिलातला जवळजवळ तिसरा हिस्सा वाऱ्याच्या नुकसानीचा नाहीच, त्यानंतरच्या पावसाचा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

काकांना मी एकच विचारलं होतं, २ तारखेला दुपारी तीनला परत नेऊन सोडलं तर काय कराल. ते म्हणाले, आधी चुलतभावाला फोन. मग थोडं थांबून म्हणाले, नाही, तो फोन कदाचित परत पण करणार नाही, पण आईला रात्रीच खोलीत नेऊन ठेवेन.

माझं उत्तर असं. पहिली पंधरा मिनिटं नुसतं ठरवायला द्यायची, हात न लावता: इथे आधी काय जाणार, जोतं की छप्पर? जोतं उंच आणि छप्पर कौलाचं, तर सामान खाली आणि स्लॅबखाली, माळ्यावर एक डबा नाही. दोन तास धान्य चढवण्यात गेले त्याच दोन तासांत तेच धान्य वीस पावलांवरच्या खोलीत गेलं असतं, खाटेखाली, संडासात सुद्धा रचलं असतं तरी चाललं असतं. शेडचे पत्रे सोडवून जमिनीवर रचून त्यावर वाळू ठेवायची, पत्रे वर आणि वाळू त्यावर असं नाही. दोन माणसांना तासाचं काम, पाना आणि शिडी हवी. चारी बाजूंची दारं खिडक्या बंद, आतनं आडणे, पूर्वेच्या दाराला जास्त. ताडपत्री, नायलॉनची दोरी, सुतळी आधी, बिस्किटं नंतर. आणि संध्याकाळी फोन चालू आहेत तोवर बाहेरगावच्यांना सांगून ठेवायचं की चार दिवस आमचा फोन लागला नाही तर घाबरू नका.

एका बाबतीत माझं आणि मुलाचं अजून पटत नाही. तो म्हणतो आजीला शाळेत नाही तरी वरच्या आळीत न्यायलाच हवं होतं, स्लॅबच्या खोलीची भिंत चार इंची आहे आणि आंबा त्या बाजूला पडला असता तर. बरोबर आहे, पडला असता तर. पण एकदा दहा वाजून गेल्यावर उघड्यावर दहा मिनिटं चालणं हे त्या खोलीपेक्षा जास्त धोक्याचं होतं, माड पडतात, पत्रे येतात, तारा पडतात. जायचं होतं तर आदल्या दिवशी.

दुरुस्तीत काय केलं ते थोडक्यात: भिंतीवर काँक्रीटचा पट्टा, त्यात बोल्ट, वासे त्या पट्ट्याला जीआय (गॅल्व्हनाइज्ड लोखंडाच्या) पट्ट्यांनी बांधले. वळचण तीन फुटांची दीड फूट केली कारण वारा तिथेच हात घालतो. खालच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची कौलं तारेने बांधली. शेड परत केली पण इंग्रजी J च्या आकाराचे हुक काढून स्क्रू मारले, कडेला प्रत्येक पन्हाळीला एक. पूर्वेच्या दाराला नवीन अडसर.

पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ ला, तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकत गेलं, गुजरातला जाऊन लागलं. घर परत तसंच नशिबावर सोडलं नाही, आजीला आदल्या दुपारीच मागे नेलं, धान्याचे ड्रम खोलीत, शेडचे पुढचे सहा पत्रे उतरवलेले, विहिरीवर जाळी आणि दोर. आठ कौलं हलली, फुटली तीन. त्या दिवशी संध्याकाळी काकांनी फोन केला तो हे सांगायला नाही, तर आंब्याची उरलेली मोठी फांदी तोडायला माणूस मिळेल का विचारायला. मी माणूस पाठवला होता. काकूंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं, आंब्याला मोहोर चांगला येतो म्हणून.